सव्वीस प्रश्न कोरे का सोडले?

वाचकांचे प्रश्न : बारावी विज्ञान आणि प्रवेश परीक्षा

दिवाळी सरली, कापसाची वेचणी जोरात आहे, आणि ज्या घरांत बारावी सायन्सची पोरं आहेत तिथून पत्रं यायला लागली आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांतले हे काही प्रश्न. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : मी बारावी पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) आहे. एमएचटी-सीईटीचे, म्हणजे राज्याच्या इंजिनीअरिंग, फार्मसी, कृषी प्रवेश परीक्षेचे, चार सराव पेपर दिले, चारही वेळा २०० पैकी ९० ते ९५च्या दरम्यान गुण. शेवटच्या पेपरात फिजिक्सचे २०, केमिस्ट्रीचे २८ आणि गणिताचे २२ प्रश्न बरोबर आले. २६ प्रश्न कोरे राहिले, त्यात गणिताचे १०. आता आणखी पेपर सोडवू की पुन्हा पुस्तकाकडे वळू? (विद्यार्थी, ता. चोपडा)

उत्तर : आधी ते २६ कोरे प्रश्न. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. गणिताच्या प्रश्नाला दोन गुण, फिजिक्स-केमिस्ट्रीच्या प्रश्नाला एक. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तरी सरासरीने चारात एक बरोबर येतो, म्हणजे गणिताच्या १० प्रश्नांतून साधारण पाच आणि उरलेल्या १६ मधून चार, असे नऊ गुण तू टेबलावर ठेवून उठलास. कोरं सोडायची सवय बहुतेक जेईई (आयआयटी-एनआयटीची परीक्षा) किंवा नीटच्या (मेडिकलची परीक्षा) सरावातून लागते, कारण तिथे चुकीला एक गुण जातो. सीईटीत १५० पैकी १५० प्रश्नांना उत्तर गेलंच पाहिजे.

आता मूळ प्रश्न. चार पेपरांत गुण हलले नाहीत, तर पाचव्यातही हलणार नाहीत, कारण पेपर सोडवल्यावर तू फक्त गुण मोजतो आहेस. पेपर तीन तासांचा असेल तर त्याच्या तपासणीलाही तीन तास द्यायचे, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. चुकलेला आणि कोरा राहिलेला प्रत्येक प्रश्न घे आणि त्यापुढे तीनपैकी एक अक्षर लिही. 'न' म्हणजे मुळात येतच नव्हतं. 'च' म्हणजे येत होतं, पण सोडवताना घसरलो. 'व' म्हणजे वेळ पुरला नाही. एका प्रश्नाला एकच अक्षर, आणि स्वतःशी खोटं बोलायचं नाही. घसरलेल्या प्रश्नाला 'येत होतं' म्हणून सोडून देणं ही या टप्प्यावरची सगळ्यात महागडी चूक आहे.

तुझे ८० प्रश्न असे वेगळे काढलेस की पुढचं काम दिसायला लागेल. 'न' जास्त असतील तर ते कोणत्या दोन-तीन धड्यांत गोळा झालेत ते बघ आणि पुस्तकाकडे वळ, पण त्या धड्यांपुरतंच. 'च' जास्त असतील तर पुस्तक उघडून काही होणार नाही, तिथे चुकांची वही लागते. 'व' जास्त असतील तर पेपर सोडवण्याची रीत बदलायची.

चुकांची वही म्हणजे अख्खं गणित पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवणं नव्हे. एका चुकीला तीन ओळी पुरतात. उदाहरणार्थ :

रोटेशनल डायनॅमिक्स. चाक मिनिटाला १२०० फेरे, कोनीय वेग विचारला.
मी काय केलं : १२०० ला २ पायने गुणलं, ६० ने भागायचं राहिलं.
बरोबर : १२०० × २ पाय ÷ ६० = ४० पाय रेडियन प्रति सेकंद. 'मिनिट' दिसलं की आधी सेकंद करायचे.

यातली शेवटची ओळ महत्त्वाची. पुन्हा तसाच प्रश्न आला तर कुठला शब्द दिसताच सावध व्हायचं, ते तिथे लिहिलेलं असतं. ही वही तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने उघडायची. उत्तर हाताने झाकायचं, गणित नव्याने सोडवायचं. तिन्ही वेळा बरोबर आलं की त्या चुकीवर काट मारायची.

वेळेचा हिशेब असा. पहिल्या भागात फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं. एका प्रश्नाला ५४ सेकंद. दुसऱ्या भागात गणिताचे ५० प्रश्न, पुन्हा ९० मिनिटं. एका प्रश्नाला १०८ सेकंद. पहिल्या भागाची वेळ संपली की तो बंद होतो, गणित लवकर आटोपलं तरी मागे जाऊन फिजिक्सला हात लावता येत नाही. म्हणून पहिला भाग केमिस्ट्रीने सुरू कर. तिचे बरेच प्रश्न वाचले की उत्तर येतं किंवा येत नाही, रेंगाळावं लागत नाही. ३५ मिनिटांत केमिस्ट्री, ५० मिनिटं फिजिक्सला, शेवटची पाच मिनिटं फक्त कोरे प्रश्न भरायला. प्रत्येक विषयात दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत प्रश्न वाचून अर्ध्या मिनिटात वाट दिसली नाही, तर अंदाजाचा पर्याय सेव्ह करायचा, खूण करायची आणि पुढे जायचं. बहुतेक मुलांचा वेळ अवघड प्रश्नात जात नाही, 'आता सुटेलच' अशा प्रश्नात जातो. एकेका प्रश्नावर चार-चार मिनिटं गेली की मागचे पाच सोपे प्रश्न वाचायचेही राहतात.

कॅल्क्युलेटर नसतो, त्यामुळे काही आकडे तोंडावर हवेत : लॉग २ म्हणजे ०.३०१, लॉग ३ म्हणजे ०.४७७, वर्गमूळ २ म्हणजे १.४१४, वर्गमूळ ३ म्हणजे १.७३२. केमिकल कायनेटिक्समध्ये पहिल्या कोटीची अभिक्रिया ७५ टक्के व्हायला दोन अर्धआयुष्यं लागतात, ८७.५ टक्के व्हायला तीन आणि ९९.९ टक्के व्हायला जवळपास दहा. हे माहीत असेल तर लॉग घेऊन दोन मिनिटं घालवावी लागत नाहीत.

गणितात पर्यायांचा आधार घ्यायला लाजू नकोस. साईन ३ थीटा भागिले साईन थीटा, वजा कॉस ३ थीटा भागिले कॉस थीटा, याची किंमत विचारली आणि पर्यायांत नुसत्या संख्या असल्या, तर थीटा ३० अंश धर. पहिलं पद १ भागिले अर्धा म्हणजे २, दुसरं शून्य. उत्तर २. सूत्र वापरूनही तेच येतं, पण तिप्पट वेळाने. बोर्डाच्या पेपरात मात्र असं चालत नाही, तिथे पायऱ्यांना गुण आहेत. हा फरक डोक्यात पक्का ठेव.

तर आणखी पेपर सोडव, पण आठवड्याला एकच, आणि त्याची तपासणी पुरी झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नकोस.

प्रश्न : अकरावीकडे आमचं दुर्लक्ष झालं. कॉलेजातही फारसं शिकवलं नाही. आता बारावीच पुरी होत नाहीये. अकरावी सोडून दिली तर किती नुकसान होईल? (दोन मैत्रिणी, ता. साक्री)

उत्तर : सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात. पीसीएमच्या हिशेबाने फिजिक्सचे १०, केमिस्ट्रीचे १० आणि गणिताचे १०, म्हणजे २०० पैकी ४० गुण. ते सोडून चालणार नाही. पण अख्खी अकरावी करायचीही गरज नाही, कारण सीईटीला अकरावीचे ठरावीक धडेच आहेत. सीईटी सेलच्या अधिकृत अभ्यासक्रमात ती यादी असते. तिची प्रिंट काढून भिंतीवर लावा.

त्यातही क्रम लावता येतो. काही धडे बारावीला जोडूनच होतात. अकरावीचं इलेक्ट्रोस्टॅटिक्स बारावीच्या इलेक्ट्रोस्टॅटिक्सआधी दोन दिवस, ऑप्टिक्स हे वेव्ह ऑप्टिक्सच्या आधी, लिमिट्स आणि कंटिन्युइटी हे डिफरन्सिएशनच्या आधी. बेसिक प्रिन्सिपल्स ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री झाल्याशिवाय बारावीची ऑरगॅनिक पाठच करावी लागते आणि पाठ केलेली महिन्यात उडते, म्हणून तो धडा सगळ्यात आधी. मग येतात सुटे, आटोपशीर धडे : सेमीकंडक्टर्स, साउंड, केमिस्ट्रीतलं अ‍ॅडसॉर्प्शन आणि कोलॉइड्स, गणितातलं मेझर्स ऑफ डिस्पर्शन आणि कॉम्प्लेक्स नंबर्स. कॉम्प्लेक्स नंबर्समध्ये १ अधिक आयचा आठवा घात विचारला तर आधी वर्ग करा, तो २ आय येतो. २ आयचा चौथा घात १६. एवढंच असतं. परम्युटेशन्स आणि मोशन इन अ प्लेन हे वेळखाऊ धडे शेवटी ठेवा.

रोज ४५ मिनिटं, सकाळी बारावीचं पुस्तक उघडायच्या आधी. 'रविवारी अकरावी करू' असं ठरवलं की रविवारी पाहुणे येतात किंवा वेचणीला जावं लागतं.

प्रश्न : बोर्ड आणि सीईटी एकत्र कसं सांभाळावं? आमच्या वर्गात काही जण म्हणतात की इंजिनीअरिंगला बोर्डाचे गुण बघतच नाहीत. (विद्यार्थिनी, भुसावळ)

उत्तर : अर्धवट खरं आहे. राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेशात गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते, पण बारावीत ठरावीक विषयांत मिळून किमान ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. आयआयटी, एनआयटी डोक्यात असेल तर बारावीत ७५ टक्क्यांची अट आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के. पर्सेंटाइल ९५ आणि बारावीच्या निकालावर हात टेकलेले, अशी वेळ यायला नको.

डिसेंबर अखेरपर्यंत बारावीचा अभ्यासक्रम पुरा करायचा, जोडीला वर सांगितलेली अकरावी. जानेवारीपासून बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत लेखनावर भर, प्रात्यक्षिकं व्यवस्थित करायची (फिजिक्स, केमिस्ट्रीत १०० पैकी ३० गुण तिथेच आहेत), आणि सीईटीचा हात मोडू नये म्हणून रविवारी ९० मिनिटांचा एकच भाग. बोर्ड संपल्यावर फक्त सीईटी.

एकच धडा दोन्हीसाठी कसा वाचायचा ते बघ. वळणावर बाहेरच्या बाजूने उंच केलेल्या रस्त्याचं (बँकिंग ऑफ रोड्स) सूत्र घे. बोर्डात आकृती काढून, बलांचे घटक पाडून सूत्र सिद्ध करायचं असतं. सीईटीत विचारतील, वळणाची त्रिज्या चौपट केली तर सुरक्षित वेग किती पट? वेग त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणून दुप्पट. सिद्धता लिहून झाली की त्याच पानाच्या समासात स्वतःला विचार : यातली एकेक राशी दुप्पट, चौपट, निम्मी केली तर काय होईल? मग सीईटीचा अभ्यास वेगळा काढावा लागत नाही.

प्रश्न : मी रावेर तालुक्यात राहतो. जळगावच्या क्लासला आत्ता प्रवेश घेऊ का? जायला-यायला एसटीने रोज तीन तास जातील. (विद्यार्थी)

उत्तर : आत्ता नको. आठवड्याचे सहा दिवस धरले तर १८ तास रस्त्यात जातात, आणि नोव्हेंबरात क्लासमध्ये अर्ध्याहून जास्त अभ्यासक्रम होऊन गेलेला असतो. सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर आहे. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. प्रत्येक धड्याखालचं सगळं स्वाध्याय, सोडवलेली उदाहरणं आणि 'तुम्हाला माहीत आहे का' छापाच्या चौकटी आधी संपव. त्यापुढे वस्तुनिष्ठ प्रश्नांचा एकच संच पुरे. तीन संच घेऊन तिन्ही अर्धे सोडवलेली पोरं आम्ही दर वर्षी पाहतो.

क्लासची खरी गरज बोर्डानंतर, सराव परीक्षांसाठी. तेव्हा पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचार : पूर्ण तीन तासांच्या, संगणकावरच्या किती परीक्षा होतात; प्रत्येक परीक्षेनंतर प्रश्नागणिक चर्चा होते का; आणि अडलं तर कोणाला, किती वाजता विचारायचं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलमोल आलं तर पैसे वाचव.

प्रश्न : घरी अहिराणी, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि आता सगळं इंग्रजीत. सीईटी मराठीतून दिली तर सोपी जाईल का? (विद्यार्थिनी, ता. शिंदखेडा)

उत्तर : फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मराठीतून देता येतं, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो. आमचं मत, दोन वर्षं जी भाषा पुस्तकात वाचलीस तीच ठेव. मराठी पेपरात 'जडत्वाचे आघूर्ण' वाचून ते 'मोमेंट ऑफ इनर्शिया' आहे हे आठवण्यात वेळ जातो. अडचण विज्ञानाच्या शब्दांची फारशी नसते, ती असते प्रश्नातल्या छोट्या शब्दांची. 'इनकरेक्ट', 'एक्सेप्ट', 'अ‍ॅट लीस्ट', 'अ‍ॅट मोस्ट', 'रिस्पेक्टिव्हली', 'नेग्लिजिबल' असे तीसेक शब्द आहेत. प्रत्येकाचा अर्थ घरच्या बोलीत वहीत लिही. प्रोबॅबिलिटीत 'अ‍ॅट लीस्ट वन' म्हणजे 'कमीत कमी एक', मग एकही नसण्याची शक्यता १ मधून वजा करायची. हा एक शब्द चुकला तर दोन गुण जातात.

प्रश्न : मुलगी पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) आहे. नीट आणि सीईटी दोन्ही द्याव्यात का? (पालक, शहादा)

उत्तर : एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस या सगळ्यांना नीट. बी.फार्म. आणि बी.एस्सी. कृषीसाठी सीईटी. दोन्ही द्याव्यात, पण अभ्यास नीटचाच ठेवा, सीईटीची तयारी त्यातून निघते. नीटमध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. निम्मे गुण बायोलॉजीचे. तिथे एनसीईआरटीचं पुस्तक ओळन् ओळ लागतं. सीईटीच्या आधी बालभारतीचं बायोलॉजी दोनदा वाचून काढायचं, कारण उदाहरणं आणि शब्द थोडे वेगळे आहेत. सीईटीत अकरावी बायोलॉजीचे मोजकेच धडे आहेत.

अंदाज बांधण्याचा नियम मात्र दोन्हीकडे वेगळा. नीटमध्ये बरोबरला चार, चुकीला वजा एक. चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर सरासरीने पाव गुण पदरात पडतो, त्यासाठी जोखीम नको. दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर सरासरी दीड गुणाची आहे, तिथे उत्तर द्यावं.

प्रश्न : आम्ही धडगाव तालुक्यातले. मुलगा बारावीला आहे. जात वैधता प्रमाणपत्र निकाल लागल्यावर काढलं तर चालेल ना? (पालक)

उत्तर : दादा, नाही चालणार. हे काम आजच सुरू करा. निकालानंतर सगळ्यांची गर्दी एकदम होते, त्रुटी निघाली तर पूर्ततेला वेळ जातो, आणि वैधता वेळेत हातात नसेल तर राखीव जागेवरचा हक्क जाण्याची वेळ येते. अर्ज कॉलेजमार्फत होतो, तेव्हा आधी प्राचार्यांकडे जा.

कागद गोळा करताना तारखेकडे लक्ष द्या. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा सगळ्यात वजनदार. अनुसूचित जातीसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, जुने महसुली कागद हे बघा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे काका, आत्या किंवा चुलतभाऊ, कोणाला आधीच वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत आणि वंशावळ जोडा. नाव आणि आडनाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं, असं असेल तर आत्ताच शपथपत्र करून घ्या. सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात.

ओबीसी आणि भटक्या-विमुक्त वाचकांनी नॉन-क्रीमीलेअरवरची मुदत तपासावी. ती ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा, त्या वर्षाच्या अखेरच्या ३१ मार्चपर्यंत हवी. गेल्या वर्षी काढलेलं प्रमाणपत्र कपाटात आहे म्हणून निश्चिंत राहू नका, त्यावरची तारीख वाचा.

प्रश्न : पोर रातभर जागस, असं माझी आई म्हणते. मुलगी दोन-अडीचपर्यंत वाचत बसते, सकाळी नऊला उठते. सांगावं की नाही? आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडच्या उन्हात परीक्षेला न्यायचं म्हणजे धास्तीच वाटते. (पालक, अमळनेर)

उत्तर : सांगा, पण एकदम नको. आज अडीच वाजता झोपणाऱ्याला उद्या दहाला झोपवलं तर तो छताकडे बघत पडतो. दर तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे घ्या, महिना-दीड महिन्यात अकरावर येता येतं. कारण साधं आहे. सकाळच्या सत्रात नंबर लागला तर डोकं त्या वेळी ताजंतवानं हवं, आणि पाठ केलेलं झोपेतच पक्कं बसतं. पाठांतराचं रात्री, गणितं सकाळी. मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, गजरासाठी साधं घड्याळ.

उन्हाबद्दल तुमची धास्ती रास्त आहे. त्या दिवसांत आपल्याकडे पारा ४३-४४च्या पुढे जातो. केंद्र दुसऱ्या शहरात आलं तर आदल्या संध्याकाळी जाऊन मुक्काम करा आणि केंद्र बघून ठेवा. दुपारचं सत्र असेल तर उन्हात एसटीची वाट बघत उभं राहायची वेळ येऊ देऊ नका. जेवण घरचं, रोजचं : मुगाची खिचडी, कढी, ताक. शेवभाजी आणि भरीत परीक्षेनंतर. मार्चपासून सराव पेपर मुद्दाम दुपारी, पंख्याखाली, संगणकासमोर बसून देऊ द्या. गावात संगणक नसेल तर शाळेत किंवा सायबर कॅफेत आठवड्यातून एकदा. स्क्रीनवर प्रश्न वाचून कच्च्या कागदावर सोडवताना आकडा उतरवण्यातच चुका होतात, वजाचं चिन्ह हमखास राहतं, आणि ही सवय दोन-चार पेपरांनीच मोडते. परीक्षेला प्रवेशपत्राची प्रिंट आणि मूळ ओळखपत्र न्यावं लागतं. ओळखपत्रावरचं नाव अर्जातल्या नावाशी अक्षरशः जुळतं का, ते अर्ज भरतानाच बघून घ्या.